लाईन की वर्कशॉप: आयटीआयनंतरच्या एका निर्णयाचं प्रकरण

या प्रकरणातली व्यक्ती खरी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे विशाल म्हणू. मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना मी काही वर्षं मार्गदर्शन करतो. विशालचं प्रकरण निवडण्याचं कारण असं की त्यात मोठं यश नाही, मोठं अपयशही नाही. चार निर्णय आहेत आणि त्यांतला एक बहुतेक मुलं घाईत घेतात.

पार्श्वभूमी

विशाल पाटण तालुक्यातल्या एका गावचा. तीस गुंठे जिरायत जमीन, वडील नाहीत, आई अंगणवाडीत मदतनीस, धाकटी बहीण शाळेत. कराडकडे येणाऱ्या रस्त्यावर मामाचं गॅरेज. ट्रॅक्टर, ट्रेलर, जुन्या जीप, पिकअप अशी कामं. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, तिथे रात्री अकरापर्यंत दिवा चालू असतो. विशाल सातवीपासून तिथे पाने उचलून द्यायचा. दहावीपर्यंत क्लच प्लेट बदलणं, ब्रेक लायनर बसवणं, ट्रॅक्टरचा फिल्टर बदलून हवा काढणं एवढं त्याला बघून बघून येत होतं.

तो २०२१ सालचा दहावीचा. त्या वर्षी कोविडमुळे बोर्डाची परीक्षा झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यातली जवळजवळ सगळी मुलं पास झाली. विशालला चौसष्ट टक्के पडले. एरवी पन्नाशीच्या आसपास पडले असते, असं तोच सांगतो. आयटीआयच्या केंद्रीय ऑनलाईन प्रवेशात त्याने इलेक्ट्रिशियन पहिल्या पसंतीला टाकला होता, कारण वर्गातल्या सगळ्यांनी तोच टाकला होता. मेरिट चढलं, तो हुकला आणि दुसऱ्या पसंतीचा ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड एका शासकीय आयटीआयमध्ये मिळाला.

मामाला हे पटलं नाही. "आरं, बोल्ट ढिला कराया सर्टिफिकेट लागतं व्हय? दोन वर्सं हितं काढ, तुला मिस्तरी करतो." आईचं म्हणणं एवढंच होतं, "दादा, त्याच्या हातात एक कागद असू दे." त्या वेळी आईकडे याहून पक्का मुद्दा नव्हता. मामाच्या म्हणण्यात तथ्य होतंच. हाताला वळण गॅरेजमध्येच लागतं.

पहिली अडचण: हजेरी आणि हंगाम

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ऊस सुरू झाला आणि मामाकडचे दोन पोरं सोडून गेले. विशाल आठवड्यातून दोन-तीन दिवस गॅरेजवर थांबू लागला. ट्रेड परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते. जानेवारी २०२३मध्ये त्याची हजेरी एकाहत्तरवर आली होती.

शिल्प निदेशकांनी, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांनी, त्याला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मार्चपर्यंत एकही दिवस न बुडवता आलास तर आकडा वर चढेल. दुसरी जास्त उपयोगाची होती: गॅरेजमध्ये तू जे शिकतोस त्यात वायरिंग किती आहे ते मोज. विशालने मोजलं. जवळजवळ शून्य. मामाकडे इलेक्ट्रिकचं काम आलं की गाडी शेजारच्या वायरमनकडे जायची. बीएस-६ पिकअप आली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा दिसला, तर मामा ती सरळ कंपनीच्या वर्कशॉपला जा म्हणून सांगायचा.

हे समजून घ्यायला थोडी माहिती हवी. १ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे, म्हणजे उत्सर्जनाचे, निकष लागू झाले. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत पन्नासवरून दहा भागांवर आलं. गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याच्या अलीकडे-पलीकडे तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर आले. एप्रिल २०२३मध्ये दुसरा टप्पा आला आणि प्रत्यक्ष रस्त्यावर धावतानाचं उत्सर्जनही निकषात धरलं गेलं. अशा गाडीची तक्रार आवाजावरून किंवा धुराच्या रंगावरून पकडणं अवघड. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावावा लागतो, आणि स्कॅनर काय म्हणतो ते तपासायला व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर हातात धरता यावा लागतो.

विशालच्या आयटीआयमध्ये चोवीस मुलांत एक स्कॅनर होता आणि आतले भाग दिसावेत म्हणून कापून ठेवलेलं कट-सेक्शन इंजिन बऱ्याच जुन्या काळातलं. तरी व्होल्टेज ड्रॉप कसा मोजायचा, रिले कसा तपासायचा, सर्किट डायग्राम कसा वाचायचा हे तिथेच शिकायला मिळणार होतं. मामाशी तडजोड झाली: रविवार पूर्ण आणि रोज संध्याकाळी सहानंतर गॅरेज, बाकी आयटीआय. मामा महिनाभर नीट बोलला नाही. हजेरी ब्याऐंशीवर संपली आणि २०२३च्या पावसाळ्यात विशाल परीक्षा पास झाला.

मुख्य अडचण

निकालाच्या आधीच आयटीआयच्या आवारात भरती मेळावा झाला. चाकणकडच्या एका कारखान्याच्या ठेकेदाराने बावीस मुलांची यादी घेतली. असेंब्ली लाईनवर ट्रेनी, हातात साधारण पंधरा हजार, कँटीन आणि बस. मुलं खूश, पालक खूश, संस्थेच्या रोजगाराच्या तक्त्यात बावीस आकडा. विशालचंही नाव त्यात होतं.

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. गाड्या बनवणं आणि गाड्या दुरुस्त करणं या वेगळ्या विद्या आहेत. लाईनवर एका जागी उभं राहून ठरलेल्या सेकंदांत ठरलेला पार्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळून, बसवायचा असतो. त्यात शिस्त आहे, गुणवत्तेचं भान आहे. पण गाडी का बंद पडली हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. दोन वर्षं लाईनवर काढलेला मुलगा वर्कशॉपच्या मुलाखतीला जातो तेव्हा त्याला पुन्हा हेल्परपासून सुरुवात करावी लागते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. शिवाय ट्रेनीचा करार ठरावीक महिन्यांचा. तो संपला की ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, दुसरी कंपनी, पुन्हा तोच पगार.

विशालला टेक्निशियन व्हायचं होतं. घरी मात्र पैशाची गरज आजची होती.

समोरचे पर्याय

विशालने आणि मी कागदावर पाच पर्याय मांडले. त्यांतले दोन लवकर बाद झाले.

मामाचं गॅरेज बाद झालं, कारण तिथे वायरिंग आणि स्कॅनिंग शिकण्याची सोय नव्हती. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केल्यामुळे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकत होता. पण फी, शहरात राहण्याचा खर्च आणि पदविकेतला गणित विषय, तिन्ही त्या क्षणी जड होते. हा पर्याय त्याने कायमचा सोडला नाही, बाजूला ठेवला.

उरले तीन: चाकणची लाईन, एसटी महामंडळाच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारी, आणि कराड परिसरात महामार्गालगतच्या एका व्यावसायिक वाहनांच्या डीलरकडे शिकाऊ उमेदवारी.

एसटीकडे घरच्यांचा ओढा होता. सरकारी नाव, ओळखीची माणसं, पुढेमागे भरती निघाली तर फायदा होईल ही आशा. पण शिकाऊ उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा कोणत्याही आस्थापनेवर घालत नाही. हे पालकांना सांगताना मला नेहमी दोन वेळा सांगावं लागतं. जड वाहनांचं इंजिन आणि एअर ब्रेक शिकायला एसटीची कार्यशाळा उत्तम. त्या वर्षीची अर्जाची मुदत मात्र निघून गेली होती.

खरा सामना लाईन आणि डीलर यांच्यात होता. पंधरा हजार विरुद्ध विद्यावेतन. तेव्हाच्या नियमांनुसार दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ८,०५० रुपये. आकडे असे शेजारी ठेवले की वाद संपतो. म्हणून आम्ही हातात उरणारे पैसे मोजले. चाकणला चौघांत खोली २,८००, मेस ३,५००, फोन, गावी येणं-जाणं आणि वरखर्च १,७००. उरले सात हजार. डीलरकडे घरून जाऊन-येऊन एसटीचा पास साधारण १,४००, डबा घरचा, वरखर्च साडेसहाशे. उरले सहा हजार.

म्हणजे प्रश्न महिन्याला एक हजार रुपयांचा होता. वर्षाला बारा हजार. एवढ्या पैशात वर्षभर वर्कशॉपमध्ये शिकायचं की नाही, असा सवाल आईपुढे मांडल्यावर तिने हिशेब स्वतः पुन्हा केला, साबण-तेलाचे पैसे धरले नाहीत म्हणून मला बोलली, आणि मग म्हणाली, "जाऊ दे त्याला."

हा हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याचं गाव वर्कशॉपपासून ऐंशी किलोमीटरवर आहे त्याला शहरात आठ हजारांत राहणं शक्य नाही, आणि त्याने लाईन धरली तर त्याला कमी लेखण्याचं कारण नाही.

काय केलं

डीलरने त्याला ऑगस्टअखेर ये म्हणून सांगितलं आणि तो गेला. पहिले तीन आठवडे धुलाई, नव्या गाडीची डिलिव्हरीपूर्व तपासणी आणि ऑइल बदलणं. तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं की शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरचा करार झाला का. झाला नव्हता. एचआरच्या मॅडम रजेवर होत्या. कराराची नोंदणी झाल्याशिवाय प्रशिक्षणाचा काळ धरला जात नाही, त्यामुळे ते तीन आठवडे वाया गेले, आणि पैसेही अर्धेच मिळाले. आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या केंद्रात, जाऊन त्याने तक्रार केली नाही, फक्त माहिती विचारली, आणि तो कागद एचआरला दाखवला. दोन दिवसांत करार क्रमांक आला. या वयाच्या मुलाकडे एवढा सावधपणा मला क्वचित दिसतो.

पहिले चार महिने तो हेल्परच होता. सर्व्हिस बेवर वरिष्ठ टेक्निशियनच्या हाताखाली पाने द्यायचे, निथळलेलं ऑइल उचलायचं. वर्कशॉपला स्वस्त हात हवे असतात आणि शिकाऊ उमेदवार हा सर्वांत स्वस्त हात असतो. याच टप्प्यावर बरीच मुलं सोडून जातात. विशालने इथे दोन गोष्टी केल्या. प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड तो दिवसाखेर वहीत उतरवू लागला: ग्राहकाची तक्रार, सापडलेलं कारण, केलेलं काम, गाडी परत आली का. आणि डिसेंबरमध्ये फ्लोअर सुपरवायझरला जाऊन म्हणाला, "साहेब, मला इलेक्ट्रिकलवाल्या दादांच्या हाताखाली टाका. ऑइलची कामं मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकून देतो." सुपरवायझरने वही बघितली आणि आठवड्यातले तीन दिवस दिले.

फेब्रुवारी २०२४मध्ये एक बीएस-६ पिकअप आली. भाजीपाला वाहतुकीची गाडी. तक्रार: चढाला ओढत नाही, पिवळा दिवा लागलाय. स्कॅनरवर पी२४५३ हा कोड, म्हणजे काजळीच्या फिल्टरमधला दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरचं वाचन पटण्यासारखं नाही. वरिष्ठाने सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी गेली. तीन दिवसांनी परत आली. ग्राहक तापलेला, कारण त्याची वाशीची एक फेरी बुडाली होती. दुसरा सेन्सर लावायची तयारी सुरू झाली.

विशालने स्कॅनरवर लाईव्ह डेटा, म्हणजे सेन्सरची त्या क्षणाची वाचनं, उघडून बघायची परवानगी मागितली. इंजिन बंद, चावी चालू: वाचन शून्य, म्हणजे बरोबर. इंजिन चालू करून रेस दिली: वाचन जवळजवळ हललंच नाही. फिल्टरमधून गॅस जोरात जात असताना दोन बाजूंच्या दाबात फरक पडायलाच हवा. सेन्सर नवा, पाच व्होल्टचा पुरवठा मिळतोय, अर्थिंग ठीक. मग दाब सेन्सरपर्यंत पोचतोय का? सेन्सरला दोन रबरी नळ्या असतात. फिल्टरच्या अलीकडून येणारी नळी उष्णतेने कडक होऊन टोकाला चिरली होती. वरून क्लिप घट्ट होती म्हणून चीर दिसत नव्हती. नळी बदलली, वर्कशॉपमध्येच साठलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा केला, गाडी गेली ती परत आली नाही.

यात मोठी हुशारी नाही, अनुभवी माणसाला हे माहीत असतं. पण कोड ज्या सर्किटकडे बोट दाखवतो ते सर्किट आणि बिघाडाचं कारण एकच असेल असं नाही, हे एका शिकाऊ मुलाने मोजून दाखवलं. त्या दिवसापासून त्याला कुणी धुलाईला पाठवलं नाही.

मधेच, २०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये, गावात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची चर्चा सुरू झाली. आयटीआय झालेल्याला महिना आठ हजार, सहा महिने, बहुतेक जागा कार्यालयांत. दोन मित्रांनी पंचायत समितीत जागा धरल्या. घरून विचारणा झाली की तेवढेच पैसे आहेत तर उन्हातान्हात कशाला? विशालने शिकाऊ उमेदवारी पुरी केली, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा दिली आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र घेतलं.

परिणाम

डीलरने त्याला साडेतेरा हजारांवर टेक्निशियन म्हणून ठेवून घेतलं. पुण्यातल्या एका वर्कशॉपकडून एकोणीस हजारांचं बोलावणं होतं. पुन्हा तोच उरणाऱ्या पैशांचा हिशेब केला आणि तो कराडलाच राहिला. वर्षभरात पगार सतरा हजार आणि कामावर इन्सेंटिव्ह असा झाला. कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण झालं: जास्त व्होल्टेजच्या नारंगी केबलला हात लावण्याआधी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढणं, ठरलेला वेळ थांबणं, व्होल्टेज शून्य झाल्याचं मीटरवर बघणं.

चाकणला गेलेल्या वर्गमित्रांची गत एकसारखी नाही. बरेचजण तिसऱ्या ठेकेदाराकडे आहेत. दोघं गावी परतले. एकाला मात्र लाईनवरच्या वेल्डिंग रोबोटच्या देखभालीत रस लागला, तो मेंटेनन्सला गेला आणि आज विशालपेक्षा जास्त कमावतो. त्यामुळे लाईन वाईट आणि वर्कशॉप चांगलं असं या प्रकरणातून निघत नाही. त्या मुलालाही शिकायला देणारी जागा लाईनच्या बाहेरच मिळाली, एवढं खरं.

वेगळं काय करता आलं असतं

कराराची नोंदणी पहिल्या दिवशी विचारायला हवी होती. करार क्रमांक हातात येईपर्यंत कामावर रुजू व्हायचं नाही, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. त्याच जोडीला बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का हे तपासणं. विद्यावेतनातला केंद्र सरकारचा वाटा, जास्तीत जास्त दीड हजार, हल्ली थेट उमेदवाराच्या खात्यावर येतो. विशालचं खातं जोडलेलं नव्हतं, तो वाटा चार महिने अडकला, आणि आमच्या हिशेबातल्या सहा हजारांचे तितके दिवस साडेचारच झाले. आईने ते महिने बचत गटाच्या कर्जावर काढले.

वाहन परवान्याचा विचार कुणीच केला नव्हता. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने लगेच शिकाऊ परवाना काढला असता तर वर्कशॉपमध्ये पहिल्या सहामाहीतच रोड टेस्टला बसता आलं असतं. गाडी चढाला ओढत नाही ही तक्रार चालवल्याशिवाय कळत नाही, आणि परवाना नसलेल्या मुलाला कोणताही सुपरवायझर ग्राहकाची गाडी देत नाही. तो वर्षभर दुसऱ्याच्या सांगण्यावर निदान करत राहिला.

इंग्रजीही मागे पडलं. सर्व्हिस मॅन्युअल आणि स्कॅनरचा पडदा इंग्रजीत. विशाल सर्किट डायग्राम वाचतो, पण त्याखालच्या तीन ओळींची तपासणीची पद्धत वाचायला त्याला अजून वेळ लागतो. आयटीआयच्या एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सच्या, म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या कौशल्यांच्या, तासाला मुलं बाहेर चहाला असतात. त्या तासात मुलाखतीच्या नमुन्यांऐवजी मॅन्युअलचं एक पान वाचून घेतलं तर मुलं बसतील, असा माझा अंदाज आहे.

एसटीचा पर्याय निव्वळ तारीख चुकल्याने गेला. कदाचित डीलरकडेच जाणं योग्य ठरलं असतं, पण तुलना करूनच सोडलं असतं तर बरं. अर्जाच्या तारखा शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावायला हव्यात.

आता मामाने भागीदारीचा विषय काढला आहे. "स्कॅनर घिऊ, तू बस हितं." बहुब्रँड स्कॅनर अर्धा लाखापासून लाखाच्या घरात जातो, दरवर्षी अपडेटचे पैसे वेगळे. विशालने मामाच्या वहीतून महिनाभर मोजदाद केली: गॅरेजवर येणारे बहुतेक ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीच्या आतले, ज्यांना २०२३चे नवे उत्सर्जन निकष लागूच नाहीत आणि ज्यांचा पंप मामा डोळे मिटून खोलतो. बीएस-६ पिकअप मात्र महिन्याला अकरा आल्या आणि अकराही परत पाठवल्या गेल्या. अकरा गाड्यांवर स्कॅनरचा हप्ता निघत नाही. वीस झाल्या तर निघतो. मामा आता परत पाठवलेली प्रत्येक गाडी वहीत लिहून ठेवतो आणि दर रविवारी भाच्याला आकडा सांगतो.